ताराक्षी आणि ओकाचे जिवंत फळ

एका राज्यात एक डोंगर होता, इतका ओला की ढग तिथे वस्तीलाच असत. डोंगरावर ओकांचे दाट रान होते. खोडांवर शेवाळ, फळांच्या डोक्यांवर इवल्या टोप्या. राजा अरिंजयाने नव्या सिंहासनासाठी ते अवघे रान तोडले. रानाची मालकीण होती कुहकिनी, मोठी मायाविनी. तिने शाप दिला, "लाकूड हवे ना? मग लाकूडच हो!"

राजा सिंहासनावर बसला, तो उठलाच नाही. पावलांपासून त्याचे लाकूड होऊ लागले.

त्याच्या थोरल्या बहिणीने, ताराक्षीने, कपाळावर हात मारला. याने करावे आणि तिने निस्तरावे, हे लहानपणापासूनचेच होते.

"ताई, काहीतरी कर ना," राजा म्हणाला. "आणि जरा पाठीशी उशी दे."

उशी देऊन ती डोंगर चढली. कुहकिनी एका बुंध्यावर बसली होती.

"तीन कामे कर," ती म्हणाली. "साऱ्या कुऱ्हाडी डोहात बुडव. शिखरावरचे धुके घागरीत आण. ओकाचे जिवंत फळ मला दाखव. राजाच्या काळजाचे लाकूड झाले, की मग उपाय नाही."

कुऱ्हाडी बुडवताना लाकूडतोडे कुरकुरले. ताराक्षी त्यांच्याहून जास्त कुरकुरली. धुके घागरीत शिरताच पाणी होई. ती ते ओतून देई, शिखर पुन्हा चढे. अखेर घागरीचे तोंड ओल्या शेवाळाने झाकले, तेव्हा कुठे धुके टिकले.

राहिले फळ. डोंगरावर एकही झाड उरले नव्हते. फळे कुठे आहेत हे ठाऊक होते फक्त एका निळ्या बोलक्या पक्ष्याला. तो ती हिवाळ्यासाठी मातीत पुरून ठेवी.

"इथेच आहे," पक्षी म्हणाला. तिने उकरले. काही नव्हते.

"मग त्या खडकापाशी." तिथेही नव्हते.

"आता आठवले! ओढ्याकाठी."

ओढ्याकाठी फक्त चिखल निघाला. राजवाड्यातून सांगावा आला होता, लाकूड छातीला भिडले. ताराक्षीने चिखलाचा गोळा आपटला. "अरे मूर्खा! भाऊ मरतो आहे माझा! पुरतोस आणि विसरतोस? विसरलेल्या फळांचे होते तरी काय?"

"उगवतात," पक्षी सहज म्हणाला.

ती थबकली. मग फळ शोधणे सोडून तिने रोप शोधले. नेच्यांच्या आड ते सापडले: दोन कोवळी पाने आणि मुळाशी अजून चिकटलेले फळ. उपटायला तिने हात घातला, आणि मागे घेतला.

"कुहकिनी!" ती ओरडली. "फळ जिवंत आहे, पण मी ते उपटणार नाही. बघायचे असेल तर ऊठ आणि इथवर ये!"

मग नेचे हलले. कुहकिनी आली, चिखलात गुडघे टेकून बसली. ताराक्षीने घागर उघडली. धुके रोपाभोवती पसरले. कुहकिनीने पानाला बोट लावले आणि तिचे डोळे भरून आले.

"जा," ती म्हणाली. "तुझा भाऊ सुटला."

राजा लंगडत डोंगरावर आला. रोपाकडे पाहून म्हणाला, "एवढेसेच?"

ताराक्षीने त्याच्या हाती काठी दिली. "बकऱ्या येतील. हाकल."

राजाने तोंड उघडले, बहिणीचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने बकऱ्या हाकलू लागला. पुढे त्या डोंगरावर पुन्हा रान झाले, झरे वाहिले, राज्य सुखी झाले. तसे सुख तुम्हालाही लाभो.