बांधाची उंची आणि टिटवीची अंडी

बांध बोलायचे आणि पाखरं त्यांचं ऐकायची, त्या काळातली ही गोष्ट. एका तलावाकाठी टिटवी राहायची. दर उन्हाळ्यात आभाळाचा रंग बघून यंदा पाणी कुठवर चढेल ते ती ताडायची आणि त्याच्या जरा वर अंडी घालायची, आणि तिची अंडी कुठे आहेत ते पाहून काठावरचे ससे नि तितर आपली जागा ठरवायचे.

पलीकडचं शहर वाढलं, पाणी पुरेना, तसा माणसांनी तलावाचा बांध उंच केला. टिटवीने विचारलं, "दादा, यंदा पाणी कुठवर येईल?"

"पार टेकडीला लागेल! माझी उंची बघ ना," बांध म्हणाला.

टिटवीने बांध बघितला. आभाळ बघायचं राहूनच गेलं. तिने टेकडीच्या माथ्यावर अंडी घातली. तिच्या भरवशावर सगळेच वर गेले.

पाऊस नेहमीएवढाच पडला. पाणी जुन्या खुणेपाशीच थांबलं. पिल्लांना घेऊन टिटवी उघड्या उतारावरून पाण्याकडे निघाली. वर घार फिरत होती. एक पिल्लू वाटेतच गेलं.

बांध ओशाळून म्हणाला, "उंच तर मी खरंच झालोय गं."

"तुझं काही चुकलं नाही, दादा," टिटवी म्हणाली. "ढगाला विचारायचं, ते मी तुला विचारलं."

पलीकडे शहरात नव्या इमारती उठत होत्या. यंदा पाणी किती मिळेल, हे त्या अजून बांधालाच विचारत होत्या.