स्ट्रेचरवरून दिसते ते

घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या गावी, रुग्णवाहिकांच्या केंद्रात एकदा एक प्रसंग घडला.

त्या केंद्रात सारिका घोणे नावाची एक स्त्री काम करत असे. गाडीत रुग्णाजवळ बसायचे, त्याची नाडी पाहायची, प्राणवायू लावायचा आणि दवाखाना येईपर्यंत त्याचा धीर सुटू द्यायचा नाही, हे तिचे काम. अकरा वर्षे तिने ते निष्ठेने केले होते. सर्पदंश झालेली माणसे, अडलेल्या बाळंतिणी, दरीत कोसळलेले ट्रकचालक असे कितीतरी जीव तिच्या हातून सुखरूप पोहोचले होते. त्यामुळे केंद्रातल्या सोळाही जणांवर तिची छाप होती. ती जे करील ते बाकीचे करत.

तिला हे काम शिकवले होते केरबा अवताडे यांनी. पस्तीस वर्षे रुग्णवाहिकेत काढून ते निवृत्त झाले होते, तरी नव्या माणसांना शिकवायला आठवड्यातून दोनदा येत. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी केंद्रात फ्लूची लस आली. लस टोचायला आलेल्या सिस्टरबाई शीतपेटी घेऊन आतल्या खोलीत बसल्या. पहिले नाव सारिकाचे होते.

"मला नको," सारिका म्हणाली. "अकरा वर्षं रोगातच वावरतेय. माझं अंग तयार झालंय. आणि गेल्या वर्षी माझ्या भावानं घेतली, तर दोन दिवस अंग मोडून पडला होता."

"दंड दुखतो, कुणाला कणकणही येते," सिस्टरबाई म्हणाल्या. "पण ते तेवढंच, लशीतून फ्लू जडत नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांना औषध देताय, हे तर तुम्हाला ठाऊकच असेल."

"ठाऊक आहे. ज्याला गरज आहे त्याला द्या."

ती बाहेर गेली, आणि एकेक करून बाकीचेही निघाले. कुणाला जड स्ट्रेचर उचलायचे होते, दंड दुखला तर कसे चालणार? कुणाला घरी विचारायचे होते. संध्याकाळपर्यंत तिघांनीच लस घेतली. सिस्टरबाई पेटी बंद करून म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत आहे मी. मग पुढच्या गावाला जाणार."

मास्तर त्या दिवशी केंद्रातच होते. त्यांनी सारे पाहिले आणि अवाक्षर काढले नाही. सारिकाला याचे नवल वाटले. हातमोजा चुकीचा काढला तरी रागावणारे मास्तर आज गप्प का, हे तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गाडी दुरुस्तीहून परत आली. ब्रेक नीट लागतात की नाही हे पाहण्यासाठी ती घाटात थोडी वर नेऊन आणायची होती. चालक शब्बीरभाई गाडीत बसले, तोच मास्तर म्हणाले, "थांबा. मीही येतो. सारिका, तूही चल. स्ट्रेचरवर आडवी हो."

"मी?"

"हो, तू. पट्टे मी बांधतो."

सारिका हसली. मास्तर स्ट्रेचरची चाके पाहत असतील, असे तिला वाटले. ती आडवी झाली. मास्तरांनी छातीवरचा पट्टा आवळला, मग मांड्यांवरचा, आणि शेवटी मान हलू नये म्हणून गळ्याभोवती टणक कॉलर बसवली. दार बंद झाले आणि गाडी निघाली.

अकरा वर्षे ज्या गाडीत ती रोज बसत आली, ती गाडी तिला आज अनोळखी वाटली. डोळ्यांसमोर फक्त छप्पर होते आणि त्यात एक पिवळट दिवा. वळण केव्हा येणार हे कळत नव्हते, शरीर मात्र दर वळणाला पट्ट्यांत घसरत होते. पुढे इंजिनाची घरघर इतकी, की मास्तर काय बोलतात ते ऐकू येईना.

मग मास्तरांचा चेहरा तिच्यावर झुकला. एका वितीच्या अंतरावर आला.

"मावशी, ऐकू येतंय का? नाव काय तुमचं?" त्यांनी तिच्या कानाशी मोठ्याने विचारले. ती रोज विचारत असे, अगदी तसेच.

त्यांनी नाडी पाहिली, पापणी उघडून पाहिली, प्राणवायूची नळी नाकाशी बसवली. प्रत्येक वेळी चेहरा जवळ येई. न्याहारीला त्यांनी भाकरीबरोबर कच्चा कांदा खाल्ला होता. त्याचा उग्र दर्प तिच्या नाकातोंडात शिरला. तिने मान वळवू पाहिली, पण कॉलरमुळे वळेना. हात तोंडावर न्यावा, तर हात पट्ट्याखाली. तिने श्वास रोखून धरला, आणि शेवटी तो घ्यावाच लागला.

"मास्तर, पुरे झालं," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला. इंजिनाच्या आवाजात तो मास्तरांपर्यंत पोहोचला नाही, म्हणून ते पुन्हा झुकले.

घाटातल्या तिसऱ्या वळणाजवळ मास्तरांनी गाडी थांबवायला सांगितली. शब्बीरभाई ब्रेक पाहायला खाली उतरले. मास्तरांनी पट्टे सोडले. सारिका उठून बसली आणि मान चोळत म्हणाली, "हे काय होतं, मास्तर? माझं काही चुकलं असेल तर सरळ सांगायचं."

मास्तर पट्टे गुंडाळून समोरच्या बाकावर बसले. मग त्यांनी विचारले, "गेल्या पौषात माझ्या छातीत कळ आली, तेव्हा मला याच रस्त्यानं कुणी नेलं?"

"मीच की."

"तेव्हा तुला काय झालं होतं, आठवतं?"

सारिकाला आठवले. त्या दिवशी तिचे अंग तापले होते, नाक गळत होते. सहकाऱ्यांनी घरी जा म्हटले, तेव्हा ती म्हणाली होती, "मास्तरांना दुसरं कुणी नेणार नाही." मास्कने श्वास कोंडतो म्हणून तिने तो हनुवटीवर ओढला होता. वाटेत दोनदा तिला जोराची शिंक आली होती.

"हृदयाचं दुखणं चार दिवसांत आटोक्यात आलं," मास्तर म्हणाले. "पण तिसऱ्या दिवशी ताप चढला. डॉक्टर म्हणाले, फ्लू आहे. अकरा दिवस प्राणवायूवर होतो. एकदा तर मुलाला बोलावून घेतलं त्यांनी."

सारिकाचा चेहरा उतरला. मास्तर तीन आठवडे दवाखान्यात होते हे सगळ्यांना ठाऊक होते. हृदयाचेच दुखणे लांबले, असे सारे समजत होते.

"माझ्यामुळे?" तिने विचारले.

"ठाऊक नाही."

"मास्तर, खरं सांगा."

"खरंच सांगतोय. वॉर्डात वीस खाटा होत्या. भेटायला माणसं येत होती. कुणाचा ताप कुणाकडून आला, हे आता कुणालाच कळणार नाही. तुझ्यामुळे झालं असं मी म्हणू शकत नाही. तुझ्यामुळे झालं नाही, असं तू म्हणू शकत नाहीस. एवढंच आहे ते."

सारिकाच्या डोळ्यांत पाणी आले. "मग इतके महिने बोलला का नाहीत? काल तरी बोलायचं होतं सगळ्यांसमोर."

"कोणत्या तोंडानं बोलू?" मास्तर म्हणाले. "अंगात ताप असला तरी गाडी सोडायची नाही, ही शिकवण तुला कुणी दिली? मीच दिली. त्यालाच निष्ठा म्हणायला मीच शिकवलं. पस्तीस वर्षं मीही तसाच गेलो, खोकत, शिंकत, आणि मला त्याचा अभिमान होता. त्या खाटेवर पडलो तेव्हा पहिल्यांदा वाटलं, माझ्या हाताखालून गेलेल्या किती जणांना असा ताप चढला असेल? ते विचारायला आता कुणाकडे जाणार?"

खालून एक एसटी घाट चढत आली आणि निघून गेली. मास्तर पुढे म्हणाले, "लोक म्हणतात, धडधाकट माणसाला लस कशाला. बाजारात, देवळात शेजारचा शिंकला तर माणूस दोन पावलं सरकतो. या गाडीत आडवा पडलेला माणूस सरकू शकत नाही, सारिका. त्याला आपणच बांधलेलं असतं. आपण देऊ तोच श्वास त्याला घ्यावा लागतो. ही लस घेतली म्हणजे फ्लू कधीच होणार नाही, असं नाही. पण धोका कमी होतो. आणि तेवढं तर आपल्या हातात आहे. तुला एक गोष्ट चुकीची शिकवली होती, पोरी. ती आज परत घेतोय."

शब्बीरभाईंनी पुढून हाक दिली, "ब्रेक एकदम चोख आहेत, मास्तर. वळवू का?"

गाडी केंद्रात परतली, तेव्हा दुपार होत आली होती.

सिस्टरबाई पेटी आवरत होत्या. सारिका त्यांच्यासमोर बसली आणि तिने बाही वर केली. दारात चार-पाच जण जमले. त्यांतल्या एकाने विचारले, "ताई, काल तर नको म्हणालात?"

"काल मला वाटत होतं, प्रश्न माझ्या अंगाचा आहे," सारिका म्हणाली. "गेल्या पौषात मी तापात मास्तरांना घेऊन गेले. त्यांना पुढं फ्लू झाला, मरता मरता वाचले. माझ्यामुळे झाला की नाही, कुणाला ठाऊक नाही. पुन्हा कुणाच्या बाबतीत हा प्रश्न मला पडायला नको."

तिने कुणाला आग्रह केला नाही. त्या दुपारी आणखी आठ जणांनी लस घेतली. उरलेल्यांनी नाही घेतली, आणि तिने त्यांना दोष दिला नाही. नको म्हणणे किती सोपे असते, हे तिला ठाऊक होते.

"लगेच गुण येत नाही," सिस्टरबाईंनी जाताना बजावले. "दोन आठवडे तरी लागतात. तोवर मास्क सांभाळा. आणि ताप आला तर घरी बसा, हे लस घेतल्यावरही लागू आहे."

संध्याकाळी घाटावरच्या एका वस्तीतून फोन आला. दम्याने घुसमटलेल्या एका वृद्धेला आणायचे होते. गाडीत निजवल्यावर ती काहीतरी पुटपुटली, ते सारिकाला ऐकू आले नाही. तिने मास्क नाकावर नीट दाबून बसवला, दुखरा दंड सावरत ती खाली वाकली आणि म्हातारीच्या तोंडाशी कान नेला.

"लेकाला सांग, मी बरी आहे म्हणून," म्हातारी म्हणत होती.

"सांगते, आजी," सारिका म्हणाली, आणि तिचा हात धरून बसली.

ज्याला आपल्यापासून दूर सरकता येत नाही, त्याच्याजवळ जाण्याआधी स्वतःकडे एकदा पाहून घेणे, हाही सेवेचाच भाग आहे.