तीन बाजूंना तट, चौथ्या बाजूला माश्या

आटपाट डोंगर होता. त्या डोंगरावर एक राजा गड बांधत होता. तीन बाजूंना तट उभे राहिले. चौथ्या बाजूला मात्र नुसता सरळसोट कडा, आणि कड्याला आग्या माश्यांची तीन मोठी मोहोळं. गवंडी तिकडे जाईनात. मग राणीमाशी उडत आली ती थेट राजाच्या पगडीवर बसली. म्हणाली, "राजा, इकडे भिंत घालू नकोस. ही बाजू आम्ही राखू. मध खुशाल ने, पण एक मोहोळ कायम ठेव." राजाने हात जोडले. असा तो शब्द दिला-घेतला गेला, बरं का.

राजे आले, राजे गेले. मग त्या गडावर हैबतराव नावाचा किल्लेदार आला. माणूस वाईट नव्हता. गडावरच्या लेकरांना बोलावून गूळखोबरं द्यायचा. पण स्तुती ऐकली की विरघळायचा. आणि अधिकाराच्या माणसाला लोणी लावणारे कुठूनही उगवतात, त्यांना आवतण लागत नाही.

एकदा काय झालं, होळीला गडावर एक पाहुणा आला. अंगात रेशमी अंगरखा, जिभेवर साखर. हैबतरावाने शालजोडी देऊ केली, ती त्याने बाजूला सारली. म्हणाला, मला फक्त तुमच्या कड्याचा मध द्या, असा मध बादशहाच्या ताटातही नसतो. हैबतराव फुलला. त्याने गोमा ठाकराला बोलावलं. गोमा दोराला धरून कडा उतरायचा आणि वर दोर धरायचा तो त्याचा मेव्हणाच. का, माहीत आहे? मेव्हणा दोर सोडत नाही, खाली त्याच्या बहिणीचं कुंकू लोंबकळत असतं. तर गोमा उतरला, माश्यांच्या पाया पडला, एक मोहोळ कापून घेऊन आला. पाडव्याला पाहुणा परत आला. पुन्हा तेच कौतुक. दुसरं मोहोळ गेलं.

अक्षय्य तृतीयेला तो तिसऱ्यांदा आला. आता एकच मोहोळ उरलं होतं. गोमाने दोर हैबतरावाच्या पायाशी ठेवला. म्हणाला, "धनी, हे ठेवायचं असतं."

पाहुणा हसला. "किल्लेदार, गडावर हुकूम कुणाचा चालतो? तुमचा की गोमाचा?"

झालं. एवढंच पुरलं. हैबतरावाला आतून कळत होतं, बरं का. पण चारचौघांत माघार कशी घ्यायची? त्याने गवताचा भारा पेटवून कड्यावरून खाली सोडायला लावला. मोहोळ होरपळलं. उरल्यासुरल्या माश्यांचा काळा ढग उठला, गडाभोवती एक फेरी मारून निघून गेला. तो मध पाहुण्याने चाखलाही नाही.

मग थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, गड जेवायला बसला असताना त्या मोकळ्या कड्यावरून शत्रू वर आला. पुढे तोच पाहुणा, आता अंगात चिलखत. पंगतीत हातात घास, तलवारी खुंटीला. लढाई कसली होते? त्याने कुणाला मारलं नाही. बोचकी बांधा आणि उतरा म्हणाला. बायका तव्यावरची भाकरी तशीच टाकून उतरल्या. हैबतराव सगळ्यांच्या शेवटी उतरला. कुणी त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

पायथ्याला लोकांनी झोपड्या बांधल्या. पावसाळा गेला, थंडी गेली, रानात पुन्हा फुलोरा आला. तरण्या पोरांनी ठरवलं, ज्या कड्यावरून गड गेला त्याच कड्यावरून तो परत घ्यायचा. त्यांनी दोर वळले. हैबतराव म्हणाला, सगळ्यात पुढे मी. कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडावर रंग आला.

मग तो एकटाच कडा बघायला गेला. तिथे जांभळीच्या फांदीवर राणीमाशी बसली होती. पंखांच्या कडा जळालेल्या. म्हणाली, "रानोरान फिरलो, कुठे थारा नाही. कड्यावर परत येऊ का? तू उठवलंस, तूच बोलवायला हवं."

हैबतरावाने हात जोडले. म्हणाला, याच तुम्ही, फक्त आधी आम्हाला गड घेऊ द्या.

"तोवर पिल्लं जगणार नाहीत," राणीमाशी म्हणाली. "आणि एकदा बसलो की कड्याला हात लावणाऱ्याला आम्ही सोडत नाही. तो तू असलास तरी. आम्ही शब्द गडाला दिलाय, माणसाला नाही."

हैबतरावाने वर पाहिलं. कड्यावर धुराचा काळा पट्टा अजून तसाच होता. मग म्हणाला, "या."

परत येऊन त्याने पोरांना सांगितलं, दोर गुंडाळून ठेवा. का ते सांगितलं, तेव्हा पोरं पेटली. एक जण तोंडावर म्हणाला, "काका, गड तुम्ही दोनदा घालवलात."

"हो," हैबतराव म्हणाला.

कड्याला पुन्हा मोहोळं लागली. गड मात्र पुन्हा कधी आपला झाला नाही. खालच्या गावात शेतं पिकली, पोराबाळांची लग्नं झाली, सगळे सुखात राहिले. हैबतरावही राहिला. सुखात की कसा, ते कुणी सांगत नाही.

चला, मिटा डोळे. मिटा म्हटलं ना.