'काही नाही' न म्हणणारा पहारेकरी

फार पूर्वी शाल्मली नगरीत राजा महीधर राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या कमळतळ्यावर क्रौंच पक्षी होऊन जन्मले. तिथल्या थव्याचा नायक होता दीर्घग्रीव. मागल्या वर्षी त्याची जोडीदारीण पारध्याच्या जाळ्यात गेली, तेव्हापासून बिचाऱ्याच्या घशाखाली दाणा सुखानं उतरत नसे. यंदाची पिलं अजून कोवळ्या पंखांची होती. त्यांतलं एकही गमवायचं नाही, हा एकच ध्यास त्यानं घेतला होता.

थव्याची एक रीत होती. पहाटेचा पहारा संपला की नायक विचारी, "काय दिसलं?" पहारेकऱ्यानं म्हणायचं, "काही नाही." मग सगळे चरायला उतरत.

बोधिसत्त्वांच्या तोंडून मात्र हे दोन शब्द कधी निघालेच नाहीत. डोळ्यांत तेल घालून ते पहारा देत आणि वर सांगत, "खंड्यानं आज पिलाला सूर मारायला शिकवलं. पूर्वेच्या कमळांवर काय सुंदर ऊन आलं होतं!"

"अरे, मी पारध्याचं विचारतोय, तू ऊन काय सांगतोस?" दीर्घग्रीव एकदा करवादला. "पहारा म्हणजे सहल वाटली की काय तुला? उद्याचा दिवस उभा राहा, मग दुसरा कुणी बघतो."

"कामात कसूर नाही, नायका. पण डोळे उघडेच आहेत, तर तळं का पाहू नये?"

दुसऱ्या सकाळी नायकानं तुटकपणे विचारलं, "काय दिसलं?"

"पारधी नाही दिसला. पण पूर्वेच्या काठाला कळ्यांनी आज माना वर काढल्या नाहीत. तिकडे उतरू नका."

थवा खो खो हसला. "अगंबाई! कळ्या रुसल्या म्हणून आम्ही उपाशी राहायचं?" एक म्हातारी क्रौंची फणकारली. भुकेली पिलं तर निघालीसुद्धा.

दीर्घग्रीव मात्र पूर्वेच्या काठाकडे पाहू लागला. इतकी वर्षं या तळ्यावर काढली, पण तिथल्या कळ्या रोज कशा असतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. जोडीदारीण गेली त्या सकाळी कशा होत्या, तेही नाही.

"मागं फिरा रे पिलांनो!" तो ओरडला आणि एकटाच काठाशी जाऊन वाकला. कळ्यांच्या माना दाबून पाण्याखाली जाळं ताणलेलं होतं.

सगळा थवा उडाला. एकही पिलू मागं राहिलं नाही.

नव्या तळ्यावर पहिला पहारा दीर्घग्रीवानंच दिला. उजाडल्यावर बोधिसत्त्वांनी विचारलं, "काय दिसलं, नायका?"

सवयीनं 'काही नाही' चोचीशी आलं होतं. ते गिळून तो म्हणाला, "धुकं उठतंय. पिलं एकमेकांवर माना टाकून निजलीत. तिला... तिला धुकं फार आवडायचं रे."

ही पूर्वजन्मीची गोष्ट सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, चिवरं नि धान्य सांभाळताना दारातला बहरलेला शिरीष ज्यानं कधी पाहिला नाही, तो आपला कोठारी वसभ म्हणजेच तेव्हाचा दीर्घग्रीव. पहारेकरी मी होतो. काम न सोडता जगाकडे प्रेमानं पाहत राहणं, यालाही अप्रमाद, म्हणजे सदैव जागरूक राहणंच, म्हणतात."