रावजीचं छप्पर आणि रावजीची पन्हळ

फार फार वर्षांमागं, काड्यापेटी नावाची चीज कुणी स्वप्नातही पाहिली नव्हती तेव्हा, डोंगराच्या कुशीत एक वाडी होती. गवताने शाकारलेली घरं, एका रांगेत, एकमेकांना खेटून. सकाळी ज्याच्या चुलीत निखारा टिकला असेल त्याच्या दारात बाया करवंटी घेऊन जायच्या आणि म्हणायच्या, "वैनी, विस्तव द्या हो!" विस्तवाबरोबर चार सुखदुःखाच्या गोष्टी यायच्या, एखादी चहाडीही यायची. काय दिवस होते ते! आता काडी ओढली की झालं, शेजारणीचं तोंड बघायची गरज नाही. तुम्हाला यात सुख वाटत असेल तर वाटो बापडं, मला नाही वाटत.

तर त्या वाडीचा एक कडक कायदा होता. दुसऱ्याच्या घराची मोडतोड केली, की त्या माणसाचा विस्तव बंद. त्याला कुणी निखारा द्यायचा नाही. मग चूल थंड ठेवून माणूस राहणार किती? मुकाट्याने वाडी सोडायचा.

चैत्रातल्या एका दुपारी वाडीच्या वरच्या टोकाचं घर पेटलं. वारा सुटलेला, विहीर तळाला गेलेली. आग एकेक घर गिळत खाली येऊ लागली. रांगेच्या मधोमध रावजीचं घर होतं. रावजी आणि त्याची बायको सुंदरा बाजाराला गेली होती. त्यांच्या खालच्या अंगाला धाकूचं घर. धाकूची बायको नुकतीच बाळंत झाली होती.

धाकू कोयता घेऊन रावजीच्या छपरावर चढला. त्याने बंध तोडले, गवत ओढून खाचरात भिरकावलं. आग उघड्या वाशांपाशी आली, तिला खायला काही मिळेना, आणि ती तिथेच विझली. खालची सगळी वाडी वाचली.

संध्याकाळी रावजी परतला आणि त्याने आकाशपाताळ एक केलं. "माझं घर जळालेलं नाही! वासा न वासा शाबूत आहे. मग छप्पर का मोडलं? मला कळतं हो सगळं. माझ्या पन्हळीचं पाणी ह्याच्या अंगणात पडतं म्हणून ह्याचं डोकं फिरलंय. दर पावसाळ्यात भांडतो मेला!"

ते खोटं नव्हतं. वाडीतली पोरंसुद्धा ते भांडण तोंडपाठ म्हणून दाखवायची.

देवळापुढे वाडी जमली. वाडीचे म्हातारे प्रमुख, गावकार, निवाड्याला बसले. धाकूचा चेहरा उतरला होता. विस्तव बंद झाला, तर ओल्या बाळंतिणीला घेऊन तो जाणार कुठे?

"धाकू, बायकोपोराला बाहेर काढून भागलं नसतं?" गावकारांनी विचारलं.

"त्यांना काढलंच होतं. पण खालच्या घरांत अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं होती. सगळ्यांना काढायला वेळ कुठला?"

"रावजी, तू त्या जागी असतास तर काय केलं असतंस?"

माणूस तापट होता, पण खोटा नव्हता. "मीही मोडलं असतं," तो म्हणाला.

"मग छपराचा गुन्हा नाही," गावकार म्हणाले. "वाडी वाचली ती त्या छपरामुळे. तेव्हा ते वाडीने मिळून शाकारायचं."

धाकूचा जीव भांड्यात पडला. तो पाया पडायला वाकला.

"थांब. पन्हळ कुणी तोडली?"

धाकू वाकलेला तसाच राहिला.

"पन्हळ तुझ्या अंगणाच्या बाजूला होती. तिकडे आग आलीच नाही. आणि तिचे तुकडे वाऱ्याने उडून आलेल्या राखेवर पडलेत, राखेखाली नाहीत. म्हणजे आग विझल्यावर तोडलीस. खरं ना?"

धाकूच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरं. हातात कोयता होता, समोर पन्हळ होती. मला वाटलं, आज सगळं आगीच्या नावावर खपून जाईल."

गावकारांनाही वाईट वाटलं. आवाज मात्र हलला नाही. "पोफळीचं खोड कोरून नवी पन्हळ कर. ती बसेपर्यंत तुझा विस्तव बंद."

"आणि घरात बाळंतीण आहे, तिचं काय?" सुंदरा ताडकन उठली. "तिने काय केलंय?"

"तिने काहीच केलेलं नाही. तिला विस्तव मिळेल. पण त्या चुलीवरचा घास धाकूने खायचा नाही."

सुंदरा स्वतः करवंटी भरून निखारे घेऊन गेली. आत बाळाला शेक मिळत होता, आणि बाहेर धाकू भिजवलेले पोहे चावत खोड कोरत होता. त्याच्या हाताला फोड आले. शेजारी वाडीची माणसं रावजीचं छप्पर शाकारत होती, पण धाकूच्या खोडाला कुणी हात लावला नाही.

पन्हळ बसली त्या दिवशी रावजी आपल्या दारात आला. ती वरखाली न्याहाळून म्हणाला, "पाणी अजून तुझ्याच अंगणात पडणार बरं का!" मग हळूच म्हणाला, "चल आत. पेज गरम आहे."

पहिल्या घोटालाच धाकूला रडू आलं.

म्हणून, लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: नाइलाजाने जिथवर जावं लागलं तिथवर माफी असते, त्यापुढच्या पावलाची भरपाई ज्याची त्याने करायची असते.