गेरूचा पट्टा

कधीकाळची, ओढे बारमाही वाहत असत तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि वर राजाचं रान. रान राजाचं म्हणजे सगळ्यांचं, असं राजा स्वतःच म्हणत असे. गावातली माणसं झाडं तोडत, फळ्या कापत आणि पेठेत नेऊन विकत. त्यावरच त्यांच्या चुली पेटत.

पुढे ओढ्याचं पाणी कमी होऊ लागलं, तेव्हा राजाने तोड बंद केली. करवतींना गंज चढला, घरांना कुलपं लागू लागली. गावकरी राजाकडे गाऱ्हाणं घेऊन गेले. ओढ्याच्या पाण्यावर पिकवणारे शेतकरीही गेले, पण त्यांचं गाऱ्हाणं नेमकं उलटं. दोन्हीकडचं ऐकून राजाचं डोकं चक्रावलं. त्याने धाकोजी नावाच्या रानराख्याला बोलावलं.

राजा म्हणाला, "रानही राहू दे, गावही राहू दे. तोडायची झाडं तू निवड आणि त्यांना गेरूचा पट्टा ओढ."

एवढं बोलून राजा मोकळा झाला आणि धाकोजी अडकला. त्याची एकुलती लेक गावातच दिलेली होती. करवत चालवणाऱ्या जावयाने परमुलखात जायला बोचकी बांधून ठेवली होती. तोड सुरू झाली नाही तर लेक दुरावणार, आणि भलतीच झाडं पडली तर ओढा जाणार.

धाकोजी विचारत सुटला. सुताराने सरळसोट साग दाखवले. धनगर म्हणाला, सावली सोडा. मध काढणारा म्हणाला, मोहोळाची झाडं सोडा. ज्याचं ऐकावं त्याचं पटायचं, आणि पुढच्याचं ऐकलं की आधीचं पुसलं जायचं. बिचारा झाडाला पट्टा ओढायचा, चार पावलं जायचा, परत येऊन पुसायचा.

अखेर जुनी, वाळकी, दाटीत गुदमरलेली झाडं त्याने निवडली. निवड अगदी योग्य होती. "गेरू लावून झालाय, उद्यापासून कामाला लागा," एवढंच गावात सांगून तो राजाला वर्दी द्यायला गेला.

पण त्या गावची एक रीत होती. देवाला सोडलेल्या झाडाला गेरू लावत, आणि मग त्याची काडीही कुणी मोडत नसे. सगळ्या घोळात धाकोजी ही रीत साफ विसरला.

तो परतला तेव्हा पट्ट्यांची झाडं जागच्या जागी उभी होती आणि त्यांच्या बुंध्याशी फुलं वाहिलेली होती. ओढ्याकाठची हिरवी, भरदार झाडं मात्र आडवी पडली होती. जावई खुशीत फळ्या कापत होता.

तो म्हणाला, "मामा, देवाच्या एकाही झाडाला आम्ही हात लावला नाही बघा."

रागवावं तरी कुणावर, हेच धाकोजीला कळेना.

फळ्या विकल्या गेल्या, पैसे खाऊन संपले. उन्हाळ्यात ओढा पार आटला आणि लेक-जावई गाव सोडून निघाले. वेशीपर्यंत धाकोजी त्यांच्यासोबत चालत गेला. तिथे लेक थांबली.

"आबा, कुठली झाडं तोडायची, ते तुम्ही गावभर विचारत फिरलात," ती म्हणाली. "ठरलं काय, ते मात्र कुणालाच बोलला नाहीत."

लेक दिसेनाशी झाली तरी धाकोजी तिथेच उभा होता.

तात्पर्य: सगळ्यांच्या रानाचा निवाडा एकट्याने मनात ठेवला, तर तो बरोबर असूनही चुकतो.