रायाजीच्या मागचं पान

एका गावात एक घराणं होतं. त्याच्याकडे दोन गोष्टी भरपूर होत्या, मिशा आणि पूर्वज. घरातले थोरले आप्पा दोन्ही कुरवाळत चावडीवर बसत. "आम्ही सरदार रायाजीचे वंशज," हे ते इतक्यांदा सांगत की गावातल्या कोंबड्यांनाही पाठ झालं असेल. बाकीचे म्हातारे माना डोलवत. त्यांनाही दुसरा उद्योग नव्हता.

आप्पांची पुतणी हौसा. बापामागं आप्पांनी तिला चौथीतच शाळेतून काढलं आणि गोठ्याला जुंपलं. सरदारांच्या घरातलं शेण तीच काढायची.

त्या उन्हाळ्यात गायरानात तीन पालं उतरली. दगड घडवणारी, जात्या-पाट्यांना टाकी लावून देणारी माणसं. त्यांच्यातल्या यल्लव्वाचे दिवस भरत आले होते. हौसा तिला रोज ताक नेऊन देई.

आप्पांना ते खपलं नाही. "सरदारांच्या गावात ही उपरी कशाला? उद्या सगळ्यांसमोर ठरवू. संध्याकाळच्या आत पालं उठली पाहिजेत."

यल्लव्वा हौसाला म्हणाली, "असल्या अंगानं मी वाटंतच मरीन, ताई."

सकाळी सजवलेल्या बैलावर बसून गावात हेळवी आला. घराघरांच्या वंशावळी वहीत लिहून ठेवणारा हा माणूस चार-पाच वर्षांनी एकदा येई. आप्पांनी त्याच्यापुढं सूपभर जोंधळे ओतले. हेळवी वाचत गेला. आप्पा, त्यांचे वडील, आजोबा, असं करत सातव्या पिढीला रायाजी आला. आप्पांनी हात वर केला. "बास. पुढचं नको."

हेळव्यानं वही मिटली. पण मिटताना त्याचा अंगठा पुढच्या पानात होता. हौसानं ते पाहिलं.

बैलाला पाणी दाखवताना तिनं विचारलं, "मामा, रायाजी काय आभाळातून पडला? त्याच्या मागं कोण?"

हेळवी हसला. "मागं पान आहे की. पण जो सूप ओततो, तो म्हणेल तिथं थांबायचं, अशी आमची रीत. तुझ्या आज्यापणज्यांनी सगळ्यांनी इथंच थांबवलं."

दुपारी चावडीवर गाव जमला. आप्पांनी मुद्दाम हेळव्याला बोलावलं, सूप ओतलं, पुन्हा सात पिढ्या वाचून घेतल्या. "ऐकलंत? हे गाव कुणाचं, ते कळलं ना? आता पालं उठवा."

तेवढ्यात हौसा आली. तिच्या डोक्यावर सूप होतं. कापणीनंतर शेतातली पडलेली कणसं वेचून तिनं स्वतः जमवलेले जोंधळे. तिनं ते हेळव्यापुढं ओतले.

"वाचा मामा. मी थांब म्हणेपर्यंत."

"पोरी, घरात जा!" आप्पा गरजले.

"दाणे माझे आहेत, आप्पा."

रीत म्हणजे रीत. हेळव्यानं पान उलटलं. "रायाजीची आई नागूबाई, टाकीवाली. दुष्काळात पोटुशी आली. गावानं देवळाच्या ओवरीत जागा दिली. तिथंच रायाजी जन्मला. चावडीची पहिली पायरी नागूबाईनं घडवली."

सगळ्यांनी खाली पाहिलं. आप्पा त्याच पायरीवर बसले होते.

"आणि सरदार?" कुणीतरी मागून विचारलं.

"माझ्या वहीत नुसतं रायाजी आहे," हेळवी म्हणाला. "सरदार तुम्ही तोंडानं जोडता."

आप्पा उठले. "खोटी आहे वही!"

"मग आप्पा, तुम्हीही खोटेच," हौसा म्हणाली. "तुमचं नावसुद्धा त्याच वहीत आहे."

आधी बाया हसल्या, मग तरणी पोरं, मग अख्खा गाव. माना डोलवणारे म्हातारे आता हौसाकडं बघून डोलवू लागले. त्यांना तेवढंच येत होतं.

पालं उठली नाहीत. चौथ्या दिवशी यल्लव्वाला मुलगी झाली, देवळाच्या त्याच ओवरीत. महिन्याभरानं आप्पांच्या अंगणात टाकीचा ठणठण आवाज घुमला. हौसानं घरातलं बोथट झालेलं जातं यल्लव्वापुढं आणून ठेवलं होतं. आप्पा आत बसून ऐकत होते.

पण त्याआधी, हेळवी निघाला तेव्हाच हौसानं बैलाची दोरी धरली होती.

"मामा, पुढच्या खेपेपासून वाचन नागूबाईपासून सुरू करायचं. आणि शेवटी माझं नाव लिहा. सूप मी ओतलंय."

हेळव्यानं तिथंच लिहिलं.

तात्पर्य: जे थोरले पूर्वजांच्या नावावर मिरवतात, तेच त्यांचं खरं पान झाकून ठेवतात. ते पान स्वतः उलटून पाहावं. आपणही कधीकाळी कुणाच्या तरी दारात उपरे होतो, हे ज्याला कळलं, तो दारात आलेल्याला हाकलत नाही.